मास्टर म्हणजे मास्तर नव्हे

फरज माझ्या टेबलासमोर उभा होता आणि पेपर परत न्यायला तयार नव्हता.

“मास्टर, तुम गलत मारा,” तो म्हणाला. म्हणजे त्याच्या उत्तरावर मी चुकीची फुली मारली होती. इंग्रजीत चार वाक्यं लिहिताना घामाघूम होणारा माणूस हे मला सांगत होता, रत्नागिरीच्या बी.ए.ला! मी तापलोच. त्या वयात मला तापायला फार काही लागत नसे.

ही गोष्ट साठच्या दशकातली, दुबईची. ‘अमिरात’ हे नाव तेव्हा यायचं होतं. तिथल्या देरा भागात, खाडीच्या काठी एका अमेरिकन कंपनीचं यार्ड होतं. समुद्रात तेल शोधणाऱ्यांना लागणारं सामान तिथे उतरायचं. मी तिथला इंग्लिश इन्स्ट्रक्टर. तीनला पाळी सुटली की चार ते सहा पोर्टा केबिनमध्ये वर्ग. विद्यार्थी चौदा. त्यातले तेरा आमचे कोकणी मुसलमान, रत्नागिरीचे आणि कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे. कोणी फिटर, कोणी स्टोअरकीपर. चौदावा फरज, एकटा तिथलाच. चाळिशीच्या आसपासचा. काम रिगरचं, म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधण्याचं.

फरजला क्रेनवर बसायचं होतं. खाली राहून वीस वर्षं दोर ओढून त्याचे खांदे गेले होते. पण क्रेनच्या केबिनमध्ये वजनांचा तक्ता असतो, तो इंग्रजीत. तो वाचता यायला हवा, म्हणून कंपनीची परीक्षा. पास व्हायला चाळीस मार्क. फरजला मिळाले होते चौतीस. पुढच्या बॅचपासून वयाची अट येणार होती, त्यामुळे त्याला पुन्हा संधी नव्हती. आणि ज्या उत्तरावर तो घसरला होता, ते होतं दहा मार्कांचं.

आता ते उत्तर सांगतो. आमचं पुस्तक अमेरिकेहून आलेलं. शंभर वर्षांपूर्वीच्या तिथल्या लेखकांचे उतारे, सोप्या इंग्रजीत केलेले. बोटीवरून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवताना खोकं भिजलं आणि प्रत्येक प्रतीची सुरुवातीची पानं चिकटून गेली. प्रस्तावना, लेखकांची माहिती, सगळं त्यातच. मी म्हटलं, मला काय गरज प्रस्तावनेची? माझं बी.ए. झालं ते सगळं विलायती साहित्यावर. अमेरिकन लेखकाचं एक पानही मी वाचलेलं नव्हतं, पण हे कबूल कोण करणार?

त्यातला एक उतारा ‘मास्टर’वर होता. मास्टर रोज सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करून मोजतो. जो हळू चालतो त्याला मार मिळतो. मास्टरची चिठ्ठी हातात असल्याशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही. रविवारी मास्टर धर्मग्रंथ वाचून दाखवतो, आणि आसपासचे लोक म्हणतात, मास्टर फार भला माणूस आहे.

मला वाटलं, वा, ही तर दापोलीची आमची शाळा! हजेरी, छडी, सुट्टीची चिठ्ठी. मधे कापूस वेचण्याची दोन वाक्यं होती. आमचे मास्तरही पोरांकडून बागेला पाणी घालून घेत, तेव्हा तीही मला खटकली नाहीत. मी वर्गाला सांगून टाकलं, मास्टर म्हणजे मास्तर. प्रश्न होता, लेखकाला मास्टरबद्दल काय वाटतं? उत्तर मी डिक्टेट केलं होतं: मास्टर कडक पण मायाळू आहे, लेखक त्याचा आदर करतो. दोन वर्षं प्रत्येक बॅचला हेच.

तेरा जणांनी तेच लिहिलं. फरजने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: मास्टर टीचर नाही. मास्टर मालक आहे. लिहिणाऱ्याला राग आला आहे, पण तो हळू बोलतो.

मी शून्य दिलं होतं.

“तुझे कैसे मालूम?” मी विचारलं.

“मेरा माँ ऐसा घर में था,” फरज म्हणाला. “मैं भी, छोटा था तब. मालिक को हम लोग ‘अम्मी’ बोलता था.”

आमच्याकडे अम्मी म्हणजे आई. माझा चेहरा पाहून त्याने समजावलं. “अरबी में अम्मी माने मेरा चाचा. लेकिन चाचा बोलने से चाचा नहीं होता, मास्टर.”

त्याने माझ्यासमोरचं पुस्तक उघडून पुढे सरकवलं.

“स्कूल का बच्चा शाम को घर जाता है. इस में कोई घर नहीं जाता. तुम पूरा देखो.”

मी पाहिलं. चार पानं होती. कुणीच घरी जात नव्हतं. दोन वर्षं शिकवलेला धडा मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. गुलामगिरी मला ठाऊक होती, पण ती अशी शांत आवाजात लिहितात हे ठाऊक नव्हतं. माझे कान तापले. या वेळी रागाने नव्हे, लाजेने.

आता मार्क बदलायचे तर ट्रेनिंग ऑफिसर वेबसाहेबांची सही हवी. म्हणजे आपला गाढवपणा आपल्या तोंडाने सांगायचा. माझा करार त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. एक क्षण मनात आलं, फरजला कुठल्या तरी दुसऱ्या प्रश्नात सहा मार्क वाढवून द्यावेत. पण त्याचं उत्तर बरोबर होतं, आणि ते बरोबर ठरायला हवं होतं. मी गेलो.

वेबसाहेब अमेरिकेच्या दक्षिण भागातले, त्या कापसाच्याच मुलखातले, उंच आणि दिलखुलास. माझी चूक ऐकून आधी खो खो हसले. मग थांबले.

“दोन वर्षं?”

“येस सर.”

“फरजला किती देतोस?”

“पासिंगपुरते, सर. इंग्रजी मोडकं आहे.”

“तुझ्याकडे याच्याहून चांगलं उत्तर आहे का?”

नव्हतं. दहापैकी दहा दिले. “उद्या धडा पुन्हा शिकव,” ते म्हणाले. “मी मागे बसतो.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहून सांगितलं की मी चुकलो. एका कोकणी मास्तराला हे किती जड जातं, ते कोकणात विचारा.

हमीद फिटर ओरडला, “म्हणजे मास्तर, त्या हरामखोराला आम्ही आदर देत होतो?”

सगळे हसले, मीही हसलो. मग नीट शिकवलं. हे लिहिणाऱ्याने मास्टरला एक शिवी दिली नाही. कारण वाचणारे मास्टरचेच भाईबंद. आरडाओरडा केला असता तर त्यांनी पुस्तक मिटून टाकलं असतं. म्हणून तो फक्त मास्टर काय करतो ते सांगतो, आणि शेवटी लोक त्याला भला म्हणतात हेही सांगतो. लाज वाटण्याचं काम वाचणाऱ्यावर सोडतो. फरज मान हलवत होता.

तेवढ्यात कासमभाई बोलले. स्टोअरकीपर, वर्गात सगळ्यांत वडील, कधी तोंड न उघडणारे.

“मास्तर, फाटकाबाहेर जायला मालकाची चिठ्ठी लागायची म्हणालात ना? मग आपले पासपोर्ट सायबांच्या तिजोरीत कशाला?”

माझाही पासपोर्ट त्याच तिजोरीत होता. दोन वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

“काय विचारतोय तो?” वेबसाहेबांनी मागून विचारलं.

एका शब्दाचा अर्थ विचारतोय, असं सांगून सुटता आलं असतं. पण एकदा चुकीचा अर्थ सांगून झाला होता. मी वाक्य न् वाक्य इंग्रजीत सांगितलं.

वेबसाहेब लाल झाले. “सेफ कीपिंगसाठी,” ते म्हणाले. “हरवू नयेत म्हणून.”

“अम्मी,” फरज पुटपुटला. अर्थ मला एकट्यालाच कळला.

वेबसाहेब माणूस वाईट नव्हता. फरज पास झाला, ट्रेनिंगला गेला आणि पुढे कितीतरी वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसून काम करत होता. माझा करार रिन्यू झाला. पासपोर्ट तिजोरीतच राहिले. पण पूर्वी गावी जाणाऱ्याला पासपोर्ट थेट बोटीच्या धक्क्यावर मिळायचा, तो आता आठ दिवस आधी मिळू लागला. हे वेबसाहेबांनीच केलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही.

त्या वर्गानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “हेड ऑफिसचं म्हणणं आहे की ते पुस्तक या लेव्हलला जरा अवघड जातं.” त्याच्या जागी सेफ्टीचं पुस्तक आलं. हेल्मेट घाला, हुकाखाली उभे राहू नका. रंगीत चित्रं होती.

मी कुणाला दोष देत नाही. पण शिक्षकी पेशाबद्दल मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: तो धडा मी दोन वर्षं चुकीचा शिकवला, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. बरोबर एकदाच शिकवला.