मुळे काढून होईपर्यंत

लग्न होऊन तारकर्लीला आले त्यानंतरची ती पहिलीच थंडी. पन्नासचं दशक सरत आलं होतं. नवरा मुंबईला नोकरीवर. घरात सासू आणि मी, आणि मागच्या वाळूत मुळ्याचे वाफे. दिवाळीनंतर मोठा भाऊ मला माहेरी न्यायला बांद्याहून आला. सासू म्हणाली, "मुळे काढून झाले काय मगे व्हरा तिका." दादा चहा पिऊन एकटाच परत गेला. मला वाटलं, मुळाच तो, महिना-दीड महिन्यात होईल.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला होता. आमची विहीर समुद्राकाठची. वरचं गोडं पाणी उपसलं की खालून खारं वर यायचं. म्हणून चार घागरी ओढायच्या आणि पुन्हा पाणी झिरपेपर्यंत काठावर बसून राहायचं. माझे दिवसच्या दिवस त्या काठावर गेले. एवढ्याशा पाण्याने वाफा वरून तेवढा ओला दिसे. बोट खुपसलं तर खाली ठणठणीत कोरडी वाळू. मुळा खाली उतरेलच कशाला? एक उपटून पाहिला तर करंगळीएवढा, केसाळ, दोन तंगड्या फुटलेला, आणि तिखट असा की डोळ्यांना धार लागली. पाणी तेवढं तिथेच मुबलक होतं.

"अजून पोसूक नाय हत," सासू रोज म्हणायची. मला तिच्यापेक्षा त्या मुळ्यांचाच जास्त राग यायचा. त्यांनी मला दावणीला बांधलं होतं.

आणि मग तहानेने ते अवेळीच फुलावर आले. दादा दुसऱ्यांदा आला तेव्हा वाफेभर पांढरी-जांभळी फुलं डोलत होती. मी पेटी भरून ठेवली होती. सासू म्हणाली, "आता खावचे नाय ते. बियांक ठेवया. शेंगो सुकल्यो काय धाडतंय."

म्हणजे आणखी दोन महिने, आणि त्याच घागरी. माझं डोकंच फिरलं. दादाच्या देखत वाफ्यात शिरले आणि एकूण एक मुळा फुलासकट उपटून सासूच्या पायाशी ढीग घातला.

"घेवा. झाले काढून."

दादा मान खाली घालून उभा. आता शिव्यांची लाखोली ऐकायची, अशी मी तयारीत. सासूने त्यातला एक मुळा उचलला, मोडून पाहिला. तो मोडेना.

"माका न्हेवक कधी कोण येवकच नाय गो," ती म्हणाली. "जा तू."

मी पेटी उचलली. आवाराच्या फाटकाशी, बेड्याशी, मागे वळून पाहिलं, तर ती घागर घेऊन विहिरीकडे निघाली होती. वाफ्यात आता पाणी घालण्यासारखं काहीच नव्हतं.