पाचव्या चाकावरची खूण

माझ्या बाबांना सगळे कानवाले म्हणायचे. रेल्वेत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: उभ्या गाडीची चाकं लांब दांड्याच्या हातोडीने ठोकायची आणि ऐकायचं. चांगलं चाक घंटेसारखं घुमतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पास झालेल्या चाकावर खडूने खूण. लहानपणी खडूचा डबा घेऊन मी त्यांच्यामागे फिरायचे, त्यामुळे तो आवाज माझ्या अंगात मुरलाय.

निवृत्तीनंतर रेल्वे संग्रहालयाने त्यांना बोलावून घेतलं. तिथला दुरुस्त केलेला कुठलाही जुना डबा कानवाल्यांनी ठोकल्याशिवाय हलत नसे. आणि या गृहस्थांना वर्षभर घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती! डॉक्टरकडे चला म्हटलं की, "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस." मी? माझा आवाज तिसऱ्या गल्लीत जातो. पण तेवढं एक काम उरलंय, ते कशाला हिरावून घ्या, म्हणून मीही गप्प बसले. चुकलंच माझं.

त्या रविवारी शंभर वर्षांचा लाकडी डबा वाफेच्या इंजिनामागे पहिल्यांदा धावणार होता. उशीर झालेला, म्हणून शाळेची चाळीस पोरं आधीच आत बसवली होती. खिडकीत माझी चिमी, आजोबांना जीभ दाखवत.

बाबांनी एका बाजूची चारही चाकं ठोकली. चारही छान घुमली. मग ते दुसऱ्या बाजूला गेले, मीही गेले. पाचव्या चाकावर हातोडी पडली.

बद्द.

बाबांनी शांतपणे खडूची खूण केली आणि पुढे सरकले.

"बाबा!" मी ओरडले. त्यांनी मान वळवली नाही. इंजिनाने शिट्टी दिली, त्यालाही नाही. वर फलाटावरून संग्रहालयाचे साहेब ओरडले, "आटपा हो कानवाले, पाहुणे खोळंबलेत!"

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. चारचौघांत. आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"पाचवं परत ठोका."

"काय?"

"पाचवं!" मी पाचही बोटं दाखवली.

त्यांनी वाकून आधी ब्रेक तपासला, कारण ब्रेक लागलेला असला तरी चाक बद्द वाजतं. ब्रेक सुटलेला होता. त्यांनी डावा तळवा चाकावर टेकवला आणि उजव्या हाताने ठोकलं. घुमणारं चाक हाताला झिणझिण्या आणतं, याने आणल्या नाहीत.

"पोरं उतरवा," ते म्हणाले.

"अहो, आत्ता तर पास केलंत!" साहेब त्यांच्या समोर येऊन, खडूच्या खुणेकडे बोट दाखवत उसळले.

"केलं. मला ऐकू येत नाही, साहेब. हिला आलं म्हणून."

एवढं बोलायला त्यांना वर्ष लागलं होतं. मला रडू फुटलं. चिमी उतरून त्यांच्या पायाला बिलगली, तरी ते खाली वाकले नाहीत. हातोडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "पहिल्यापासून सगळी ठोक." मग पाचव्यावरची खूण पुसून, डब्याला वळसा घालून ते पलीकडे गेले आणि त्या चार चाकांवरच्या स्वतःच्या खुणाही शर्टाच्या बाहीने एकेक करून पुसून काढल्या.

"आणि साहेब," ते मागे न बघता म्हणाले, "वर्षभरात मी पास केलेला एकही डबा हलवू नका."