बोलता येईल इतका वेग

माझ्या नाकावरचा राग अख्ख्या शाळेला माहीत होता. खडू मोडला तरी मी फळ्यावर चिडतो, असं मराठीचे सर म्हणायचे. हे मराठीचे सर म्हणजे माझे तीस वर्षांचे सहकारी. मी विज्ञान शिकवायचो, ते मराठी. नवीन जालन्यात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. निवृत्त झाल्यावर दर रविवारी आम्ही दोघे सायकलवर निघायचो. इतक्या वर्षांत एकमेकांना नावाने कधी हाक मारली नाही. ते मला सर म्हणत, मी त्यांना सर. कुणाच्या घरी दोघे बसलो असलो आणि बाहेरून कुणी "सर" म्हटलं, की दोघेही ओ द्यायचो.

सकाळी साडेपाचला ते माझ्या फाटकाशी येऊन "जय भीम सर!" म्हणून ओरडत. मी बुटाची नाडी बांधत आतून त्यांच्या पद्धतीचं "राम राम" म्हणायचो, आणि आम्ही राजूरच्या रस्त्याला लागायचो. पंचवीसेक किलोमीटर. राजूरला ते गणपतीच्या दर्शनाला टेकडीवर जात. मी खाली हॉटेलात सायकली सांभाळत चहा सांगायचो. खाली आले की माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत आणि म्हणत, "परसाद म्हणू नका सर, नाष्टा म्हणा." भूक लागलेली असायची. मी खायचो.

आमचा नियम एकच होता. बोलता येईल इतक्याच वेगाने सायकल चालवायची. नियम त्यांनीच काढलेला, कारण बोलणारे तेच. कुठला विद्यार्थी कुठे लागला, कुणाची मोसंबीची बाग वाळली, हे तर असायचंच. पण त्यांचा खरा जीव रस्त्यावरच्या पाट्यांमध्ये. प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचे आणि चूक सापडली की तिथल्या तिथे मार्क कापायचे. एका खानावळीवर 'शुद्ध' हा शब्दच अशुद्ध लिहिलेला होता. ती पाटी आली की दर रविवारी तितक्याच उत्साहाने हसायचे. मी म्हणायचो, सर, मागच्या आठवड्यात हसून झालंय. ते म्हणायचे, "चूक अजून तशीच हाय ना? मंग हसणं बी तसंच."

दीड वर्षापूर्वी माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली, चढ तर नकोच म्हणाले. तीन महिने मी घरात बसून होतो आणि घरातल्या सगळ्यांना छळत होतो. त्या तीन महिन्यांत सरही कधी सायकलवर गेले नाहीत. रविवारी ठरल्या वेळेला यायचे, फाटकाशी तसंच ओरडायचे आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. तुम्ही तरी जाऊन या म्हटलं, तर म्हणायचे, "एकटाच बोलत चाललो तर लोकं येडं म्हणतील."

मग पुण्याहून माझ्या मुलीने ही गाडी पाठवली. सायकलच ती, पण विजेची, डोंगरात चालवायची. जाडजूड खाचांचे टायर, पुढे झटके पिणारा दांडा, बॅटरी चौकटीच्या नळीत, मोटर पायडलपाशी. हँडलवर छोटा पडदा आणि त्यावर एक ते पाच अशा जोराच्या पायऱ्या. पायडल मारावंच लागतं, पण आपण लावलेल्या जोराला मोटर आपला जोर जोडते. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून पाचवी पायरी लावली आणि पायडल दाबलं. गाडी अशी काही उसळली की समोरच्या शेजाऱ्याची तुळस थोडक्यात वाचली.

खरं सांगतो, मला इतका आनंद नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. गुडघा गेला तेव्हा मी मनातून म्हातारा होऊन बसलो होतो. आता चढ आला की बोटाने एक बटण दाबायचं आणि तेच दुखरे पाय मला वर नेत होते. डांबरी रस्ता सोडून मी पांदणीत शिरू लागलो. बैलगाडीच्या चाकोऱ्या, दगडगोटे, ओढ्याची उतरती कड, जिथे आम्ही जुन्या सायकली खांद्यावर घेऊन जायचो, तिथून ही गाडी गुरगुरत पार व्हायची. सरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "सर, हे तर घोडं हाय." मी त्यांना अर्धा तास पडद्यावरचे आकडे समजावून सांगितले.

रविवार पुन्हा सुरू झाले. ते त्यांच्या जुन्या गिअरच्या सायकलवर, मी पहिल्या पायरीवर, जोडीने. सपाटीवर सगळं पूर्वीसारखं होतं. पण चढ लागला की सर गप्प व्हायचे. आधी हे असं नव्हतं. आधी चढावर तर त्यांना जास्तच बोलायला सुचायचं. आता पाटी आली, गेली, शब्द नाही. मी वळून विचारायचो, "बराबर?" आमच्याकडे बराबर म्हणजे ठीक, आणि बराबर म्हणजे सोबतही. ते मान खाली घालून म्हणायचे, "बराबर." तेवढंच.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. सरांच्या पोटात दुखतंय. मला ही गाडी मिळाली आणि ते जुन्या सायकलवरच राहिले, हे त्यांना बघवत नाही. बायकोला तसं बोललोही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांच्याच पोटात दुखताना दिसतं." मी तिचंही ऐकलं नाही.

मग हिवाळ्यातला तो रविवार आला. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि हवेत चांगलाच गारठा होता. राजूरच्या अलीकडच्या चढाला मी काहीतरी विचारलं, काय ते आता आठवत नाही. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग मी विचारलं, "बराबर?" आणि ते म्हणाले, "बराबर." माझं डोकं फिरलं. माणसाने भांडावं, पण असं तोंडाला कुलूप लावू नये, असं मनात म्हणत मी बटण दाबत पाचव्या पायरीवर गेलो आणि सुटलो. मागे वळून पाहिलं नाही. चढ संपला तरी तीच पायरी ठेवली.

राजूरला मी एक चहा घेतला. मग दुसरा घेतला. बऱ्याच वेळाने सर दिसले, सायकल हाताने ढकलत येताना.

"काय झालं?"

"चेन पडल्ती."

मी विज्ञानाचा माणूस. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, आधी निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा. मी चेनकडे पाहिलं, ती जागेवर होती. मग त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात स्वच्छ होते. चेन बसवणाऱ्या माणसाची बोटं काळी होतात, हे काही सांगायला नको. मी तिथल्या तिथे, हॉटेलवाल्याच्या देखत म्हणालो, "सर, चेन पडली आणि हात असे कोरे? मागे पडलो म्हणायला लाज वाटती का?"

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हसले. "तुमच्यासमोर कॉपी करणं अवघड हाय सर," म्हणाले आणि बाकड्यावर बसले. त्या दिवशी ते दर्शनाला वर गेले नाहीत. बसल्या जागेवरून टेकडीकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "आज खालूनच." मी तेही पाहिलं, आणि तेही रुसव्याच्या खात्यात टाकलं. निरीक्षणात मी कुठेच चुकलो नव्हतो.

त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "सर, या रविवारी अंबडकडं जाऊ का? त्या अंगाला पाट्या बी नव्या हायत. अन् रस्ता सपाट हाय."

मी म्हणालो, "सपाट रस्त्यासाठी का एवढी गाडी आली माझ्याकडे? तुम्ही जा अंबडला. मी आपला पांदणीने जातो."

ते म्हणाले, "बरं. सांभाळून जा. गोट्यावर टायर घसरतो."

पुढचे तीन रविवार मी एकटा गेलो. खोटं कशाला सांगू, मजा आली. कुणासाठी थांबायचं नव्हतं, कुणाच्या वेगाने जायचं नव्हतं. डोंगराच्या कडेकडेने, बाभळी चुकवत, पडद्यावर बॅटरीची शेवटची रेघ उरेपर्यंत हिंडलो. एकदा वर पोहोचल्यावर खालची सगळी शिवारं दिसत होती आणि हे सरांना सांगायला हवं असं वाटलं. पण मग वाटलं, आधी त्यांनी फोन करावा.

चौथा रविवार यायच्या आत, मंगळवारी दुपारी, जेवून हात धुताना सर मोरीपाशी कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

मी अंत्ययात्रेत चाललो. गुडघा दुखत होता आणि तो दुखतोय याचं मला बरं वाटत होतं. रडू आलं नाही. मला तेव्हाही थोडा रागच होता, की न बोलताच गेले.

चौदाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी पुढच्या खोलीत कागदांची पिशवी आवरत होत्या. त्यात ईसीजीच्या पट्ट्या होत्या, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. मी तारखा पाहिल्या. माझी गाडी आली त्याच्या पुढच्याच महिन्यातल्या होत्या.

"डॉक्टरनं तेव्हाच सांगितल्तं भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "जिना बी जपून चढा म्हणला. सायकल तर बिलकुल बंद करा म्हणला. हे ऐकतेत का?"

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणले ना, सरांना सांगा. तर म्हणले, सर आत्ता कुठं घराबाहेर पडून राह्यले. त्यांना कळलं तर ते गाडी लावून टाकतील अन् माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसतील. त्यांचे पाय परत कशाला बांधू?"

मी बसलो असतो का? हा प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. सर माझ्यासाठी तीन महिने बसले होते, म्हणून मीही तसाच बसेन असं ते धरून चालले. मला तेवढी खात्री नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की चढावर त्यांच्यात एका शब्दापुरताच श्वास उरत होता आणि तो ते मला देत होते. दम लागलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे मी तीस वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवलं होतं. त्या रविवारी ते रस्त्याकडेच्या एखाद्या दगडावर छाती धरून बसले असतील, आणि मी राजूरला दुसरा चहा सांगत होतो.

वहिनींनी पिशवी बांधली आणि सहज विचारलं, "भाऊजी, तुमची ती गाडी ह्यांनी चालवली का हो कधी? लई कौतिक करायचे. घरी आले की तेच. घोडं हाय म्हणायचे."

नाही. एकदाही नाही. इतके महिने ती गाडी त्यांच्या शेजारून चालली आणि "सर, घ्या, चढापुरते तुम्ही बसा," एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. मी त्यांची सायकल ढकलत नेली असती. गुडघ्याने फार तर कुरकुर केली असती. मला सुचलंच नाही. आणि त्यांनी मागितली नाही.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "हो, चालवली की. राजूरच्या चढाला."

"हो का?" त्यांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मला बोलले न्हाईत कधी. काय म्हणले?"

सरांसारखं बोलायला मला कधी जमलं आहे? शेवटी म्हणालो, "म्हणाले, सर, चढ कुठं गेला?"

वहिनी हसल्या, मग रडल्या, मग आत जाऊन चहा घेऊन आल्या.

आता सांत्वनाला कुणी आलं, गावाकडचे भाऊबंद, जुने विद्यार्थी, की वहिनी ही गोष्ट सांगतात. सर शेवटी शेवटी विजेच्या सायकलवर बसले, राजूरचा चढ चढले आणि म्हणाले, चढ कुठं गेला. ऐकणारे म्हणतात, अगदी सरांसारखंच बोलले. मग वहिनी माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "असंच म्हणले ना भाऊजी?"

मी म्हणतो, "हो. असंच म्हणाले."