सुतासारखे सरळ

बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावी आले होते. शेजारच्या पोलिश आजींनी आम्हाला एक डीव्हीडी बघायला दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या देशात काढलेला, नाझी छळछावणीवरचा कृष्णधवल सिनेमा होता. डोकी भादरलेल्या बायका चिखलात हजेरीला उभ्या होत्या. सोफ्यावर मांडी घालून शेंगा सोलत बाबा म्हणाले, "शिस्त बघ! आपल्याकडे असाच कुणीतरी पाहिजे. सगळे सुतासारखे सरळ होतील."

सोसायटीत पाणी आलं नाही तरी हेच वाक्य ऐकत मी मोठा झालो. त्या दिवशी मात्र डोक्यात तिडीक गेली. मी टीव्ही बंद केला.

सकाळी डीव्हीडी परत करायला आम्ही दोघं गेलो. सिनेमा कसा वाटला, असं आजींनी विचारताच बाबांनी हात जोडले. "व्हेरी सॅड," म्हणताना त्यांचा आवाजही कापला. आजींनी त्यांचे हात धरून ठेवले.

फाटकाबाहेर आल्यावर मी विचारलं, "शिस्तीचं का नाही बोललात?"

"वेडा आहेस का? त्या बाईच्या तोंडावर असं बोलतात? ते आपलं घरात बोलायचं."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. आणि मी इतकी वर्षं त्यांना कळत नाही म्हणून माफ करत आलो होतो.