रानमांजराची पिल्लं आणि आठ फॅटचं दूध

माझ्या गोठ्यात आजवर चाळीसेक रेडकं वाढली असतील, आणि त्यातलं एकही माझ्या हयगयीनं दगावलेलं नाही. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाची म्हैस विताना अडली की डॉक्टरच्या आधी मला फोन येतो. नवरा म्हणतो, तुला गर्व आहे. असू दे. ज्याला गर्व नाही त्यानं म्हशी पाळू नयेत, म्हैस त्याला जुमानत नाही.

म्हणून परवाच्या हंगामात आमच्या उसात तीन पिल्लं सापडली आणि टोपल्यात घालून थेट माझ्यापुढं आली, याचं मला काही नवल वाटलं नाही. ऊसतोड सकाळीच लागली होती. टोळीचा मुकादम धावत बांधावर आला. टोपल्यात पाचटावर मूठ-मूठभर तीन जीव, डोळे नुकते उघडलेले, अंगावर पुसट पट्टे.

"बाई, बिबट्याचे हायेत," तो म्हणाला.

पाच मिनिटांत कोयते थांबले आणि पंधरा मिनिटांत निम्मं गाव मोबाईल घेऊन बांधावर उभं राहिलं. जोतिबाहून परतणारी एक जीप थांबली आणि गुलालानं माखलेली चार पावणी मंडळी पिल्लांबरोबर फोटो काढून गेली. जो तो पिल्लू उचलून बघत होता. पिल्लं ओरडून ओरडून दमली, तसं मी टोपलं ओढून घेतलं.

"कुठं न्हेतीस?" नवरा म्हणाला.

"कुठं म्हंजे? उपाशी हायत ती. पाजतो की."

आता आमच्याकडं दुधावर कुणी शंका घेत नाही. कोल्हापुरात माणसं चौकात म्हैस उभी करून डोळ्यांदेखत धार काढून घेतात आणि फेसासकट पेला तोंडाला लावतात. पैलवान असो की आजारातून उठलेला म्हातारा, औषध एकच. त्यात माझ्या म्हशीचं दूध आठ फॅटचं. डेअरीत मशीनवर तो आकडा उमटला की रांगेतल्या बायका माना उंच करून बघतात. मी ताजी धार काढली आणि कापसाच्या बोळ्यानं तिघांना पाजलं. दोघांनी थोडं थोडं चोखलं. तिसरं, सगळ्यात लहान, ते मात्र अधाशी होतं. बोळा सोडायलाच तयार नव्हतं. माझं लगेच लाडकं झालं, आणि त्याला मी दुप्पट पाजलं.

दुपारपर्यंत त्याला हगवण लागली आणि पोट टम्म फुगलं. मी म्हटलं, सवय नाही, होईल हळूहळू. आणि आणखी पाजलं. हे लिहिताना आजही हात आखडतो, पण पाजलं.

तीनच्या सुमाराला वनखात्याची वनरक्षक आली. माझ्या लेकीच्या वयाची पोरगी, मूळची आजऱ्याकडची. टोपल्यात डोकावली आणि म्हणाली, "बिबट्या न्हाय मावशी. रानमांजर हाय ह्ये."

गावाचा उत्साह तिथंच गळाला. मांजराचे फोटो कोण पाठवतंय कुणाला? माणसं पांगायला लागली.

"काय पाजलंय ह्यास्नी?"

"म्हशीचं. आठ फॅटचं," मी छाती काढून सांगितलं.

तिनं कपाळाला हात लावला. "एवढुशा पोटाला ते पचतंय व्हय, मावशी? आता कायबी पाजू नका. आईकडं सोडायची ती."

"आई? एवढी माणसं बघून ती कवाच पळाली. मी वाढवतो. चाळीस रेडकं वाढवल्यात."

"आमच्याकडं भाताच्या खळ्यावर हत्ती येतोय. मग त्याला बी गोठ्यात बांधू काय?"

उरलीसुरली माणसं फिदीफिदी हसली. माझ्या दारात येऊन मला शिकवणारी ही कोण, असं अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात मी टोपल्याकडं बघितलं. लहानग्याची मान कलली होती. बोट लावलं तर तोंड उघडेना. जनावर कधी हातचं जातं हे मला दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. मी टोपलं तिच्याकडं सरकवलं.

तिनं वनखात्याच्या डॉक्टरला फोन लावला. ऊब द्या, चमच्यानं थेंब थेंब कोमट पाणी द्या, संध्याकाळी जिथं सापडली तिथंच ठेवा. आई आली तर ठीक, नाही तर लगेच कोल्हापूरला आणा. लहानगं मात्र तोवर टिकेल याची खात्री नाही, असंही तो म्हणाला.

थांबलेली तोड दुपारी पुन्हा सुरू झाली होती आणि पिल्लं सापडली त्या जागेलगत उसाच्या सहाच सऱ्या उभ्या राहिल्या होत्या. पोरगी म्हणाली, तेवढा आडोसा हवाच, उघड्या रानात मांजर येणार नाही. मुकादम म्हणाला, "आज नाही तोडलं तर ट्रॅक्टर दुसऱ्याच्या फडात जाईल, बाई. सहा सऱ्यांसाठी टोळी परत येत नसती."

ती तोड मिळावी म्हणून नवऱ्यानं महिनाभर साखर कारखान्यात चपला झिजवल्या होत्या. तो माझ्याकडं बघत राहिला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "वैरणीला घालू."

तो टोळीला घेऊन बांधापलीकडं गेला, ते मी त्याचे उपकारच मानते.

दिवस कलला तशी क्रेटमध्ये पाचट पसरून, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आम्ही पिल्लं ठेवली, आणि ती पोरगी आणि मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसलो. अंधार पडायच्या आधीच उसाची पानं हलली. लांब पाय, मातकट अंग, टोकाशी काळी कडी असलेली आखूड शेपूट. ती क्रेटभोवती फिरली, आत वाकली, एकाला मानेला धरलं आणि उसात शिरली. थोड्या वेळानं येऊन दुसऱ्याला नेलं.

तिसऱ्या खेपेला तिनं लहानग्याला हुंगलं. नाकानं ढकललं. ते हललं नाही. ती तशीच, तोंड रिकामं घेऊन परत गेली.

मी उठले. पोरगीनं माझं मनगट धरलं.

"बसा."

"मरंल ते."

"तुम्ही गेलासा तर ती येणारच न्हाय. बसा म्हणतो न्हवं."

माझ्याच रानात मला कुणी असं खाली बसवलं नव्हतं. बसले. आणि मला रडू फुटलं, मोठ्यानं नाही, तोंडात पदर कोंबून. त्या जिवाला भूक होती म्हणून त्यानं बोळा सोडला नाही, आणि मला वाटलं माझं दूध गोड लागलं. दुपारी त्याचं पोट फुगलेलं दिसत होतं तरी मी पाजलं, कारण माझं चुकू शकतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. ती परत आली. या वेळी क्रेटमध्ये उतरली आणि पिल्लाला पोटाशी घेऊन आडवी झाली. चाटायला लागली. तोंड, पोट, शेपटाखालचं सगळं, माझ्या दुधाचा एकेक डाग. कुठून तरी बारीक, चिरका आवाज आला. पोरगीनं माझं मनगट आणखी घट्ट दाबलं. मांजर उठली, पिल्लाला मानेला धरलं, आणि त्यानं हवेत पाय झाडलेले मी स्वतः बघितले. मग ती उसात दिसेनाशी झाली.

"चला मावशी," पोरगी उठत म्हणाली. "झालं आपलं काम."

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "थांब की जरा," मी म्हटलं. "पार आत जाऊ दे तिला."