मानपत्रात न आलेली झबली

आमच्या नाशकात सत्काराला तोटा नाही. कुणी निवृत्त झालं, कुणाची पंचाहत्तरी आली, कुणाची द्राक्षं परदेशी गेली, की शाल, नारळ आणि चौकटीतलं मानपत्र ठरलेलं. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि अक्षर बरं होतं, त्यामुळे ऐन पस्तिशीत ही मानपत्रं माझ्या गळ्यात पडली. ज्याचा सत्कार, तो माणूस मी बहुतेक वेळा पाहिलेलाही नसे. कार्यवाह कागदावर चार मुद्दे खरडून आणत, मी त्यांचे चार परिच्छेद करी. ‘आपण’ने सुरुवात, ‘आपले नम्र’ने शेवट. मधल्या माणसाचं काय व्हायचं ते होवो.

पुढे माझं नाव झालं, पण भलत्याच गोष्टीसाठी. एका मुख्याध्यापकांचं मानपत्र लिहिलं, ते तीन महिन्यांत गेले. मग एक बँकेतले साहेब. मग एका हिवाळ्यात ओळीने तिघे. चहाच्या टपरीवर लोक हात जोडू लागले, “सर, आमच्यावर काही लिहू नका बरं का, पोरीचं लग्न व्हायचंय अजून.” मीही हसायचो. पंचाहत्तरीच्या माणसाला यमाने न्यायला माझं पत्र कशाला लागतं? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच ते.

पण त्या तिघांतल्या शेवटच्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या बायकोने माझं मानपत्र भिंतीकडे तोंड करून उलटं टांगलेलं दिसलं. मला पाणी दिलं, चहा दिला, वावगा शब्द काढला नाही. मी उठेपर्यंत त्या चौकटीची मागची बाजू माझ्यासमोर होती, सुतळी आणि चार खिळे. घरी येऊन मी पेनाला टोपण लावलं. त्यानंतर मानपत्र लिहिलं नाही.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. चौतीस वर्षं एका इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात परिचारिका होती, आणि निवृत्तीनंतर सिडकोत आमच्याकडेच राहायची. मी शाळेत होतो तेव्हा आम्ही पंचवटीत दोन खोल्यांत राहत होतो. ताई कामावरून आली की शिवणयंत्रावर बसायची आणि जुन्या धोतरांची, पातळांची पांढरी झबली शिवायची. वीतभर लांबीची. आमच्या घरात मूल नव्हतं, शेजारीही कुणाला दिवस गेलेले नसायचे, आणि दोरीवर मात्र सहा-सात झबली वाळत असायची. आठ दिवसांनी ती नाहीशी व्हायची आणि दुसरी दिसायची. शेजारच्या काकूंनी त्यावरून आमच्याकडे येणंच सोडलं होतं. मी आईला विचारलं, तर आई म्हणाली, “तिकडे बघू नकोस.”

ताईने मला ते सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होतो. वॉर्डात मेलेली जन्मणारी बाळं कागदात नाहीतर फडक्यात गुंडाळून बापाच्या हातात देत. ताई त्यांना कोमट पाण्याने पुसायची, झबलं घालायची, बंद बांधायची आणि मग द्यायची. “उघडं कुणी जाऊ नये रे,” ती म्हणाली. वॉर्डात हे एकदोघींना माहीत होतं, त्याही आता राहिल्या नाहीत. आई गेल्यावर घरात फक्त मला. माझ्या बायकोला झबली दिसत, पण ती कुणासाठी हे ताईने तिलाही कळू दिलं नव्हतं. निवृत्तीनंतरही ती शिवत राहिली आणि पिशवी भरली की कुणाच्या तरी हाती वॉर्डात पाठवत राहिली.

ताईला पंचाहत्तरावं लागलं तेव्हा कॉलनीतल्या ज्येष्ठांच्या मंडळाने तिचा सत्कार ठरवला. ती खुलली होती. जन्मात कधी स्वतःसाठी काही न मागितलेली ही बाई माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तू लिही. बाकी काय हवं ते लिही, पण झबल्यांचं एक वाक्य घाल. कुणीतरी ते मोठ्याने वाचलेलं मला एकदा ऐकायचंय.”

मी नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही. “माझे डोळे आता साथ देत नाहीत, ताई,” म्हणालो. ती “बरं” म्हणून आत गेली. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही. जन्मभर पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारा मी, उलट्या टांगलेल्या चौकटीला भ्यालो. आणि त्याहून वाईट केलं ते दुसऱ्या दिवशी. मंडळाचे कार्यवाह काकुळतीला आले, तेव्हा माझ्या जुन्या मानपत्रांच्या प्रतींची फाईल त्यांच्या हातात दिली. म्हटलं, “यातलं बघून करा काहीतरी.” झबल्यांचं वाक्य त्यांना सांगावं, हे सुचलंसुद्धा नाही.

त्यांनी ‘काहीतरी’ केलं नाही. फाईलमध्ये एका परिचारिकेचं मानपत्र सापडलं, ते नाव बदलून जसंच्या तसं छापून आणलं.

सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून मी माझीच वाक्यं ऐकली. “आषाढातल्या त्या दुपारी, ओढ्याला पूर आलेला असताना, कमरेला दोर बांधून आपण पैलतीर गाठलात आणि दोन जीव वाचवलेत.” घोटीकडच्या एका नर्सबाईंच्या निवृत्तीला चोवीसेक वर्षांपूर्वी लिहिलं होतं मी ते. बाईंना पाहिलं नव्हतं. त्याही केव्हाच गेल्या असणार, असं मी धरून चाललो होतो. ज्याला भ्यालो, तेच झालं होतं. माझंच मानपत्र ताईला लागलं होतं, आणि तेही दुसऱ्याच बाईचं. टाळ्या वाजल्या. शाल पांघरलेली ताई लोकांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, “मला पोहता येत नाही रे.”

कार्यवाहांनी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पण तोवर स्थानिक पेपरात छापून आलं होतं, ‘पुरात उडी घेणारी परिचारिका’. लोक घरी येऊ लागले. ताई सांगायची, “अहो, ती मी नव्हे.” लोक म्हणायचे, केवढा हा विनय! जितकं ती नाकारी तितकं तिचं नाव मोठं होई. एका शाळेने तिला मुलींसमोर बोलायला नेलं. परत आली तेव्हा मी विचारलं, “काय बोललीस?” म्हणाली, “त्या एवढ्या टक लावून बघत होत्या. नाही म्हणवेना.”

त्यानंतर ती नाही म्हणेनाशी झाली. पुढच्या पाहुण्यांना तिने स्वतःच ओढ्याचं सांगितलं आणि मी दारात उभा राहून ऐकत होतो. दोर काथ्याचा होता, ती म्हणाली. हाताची सालं निघाली. पलीकडे एक बाई कंदील हलवत होती, भर दुपारी, आभाळ इतकं दाटलं होतं. यातलं काहीही मानपत्रात नव्हतं. दोर कशाचा होता ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कंदील तर मी लिहिलाच नव्हता. हे तिने आणलं कुठून?

दिवाळीच्या सुमारास बायकोने मला हळूच खूण केली. ताई बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाली होती आणि मधल्या चार पावलांच्या बोळात तिने पातळ पोटऱ्यांपर्यंत वर उचललं. उंबऱ्यापलीकडे गेल्यावर सोडलं. लादी कोरडी ठणठणीत होती. मग हे रोजचंच झालं. तिचे पाय हाताला नेहमी गार लागायचे, उन्हातसुद्धा.

एका संध्याकाळी मी शिवणयंत्रावरचं कापड काढलं. सुईला धूळ बसली होती. म्हटलं, “ताई, झबली का शिवत नाहीस हल्ली?”

ती माझ्याकडे वळली. “कुठली झबली?”

मला वाटलं चेष्टा करते आहे. मी वॉर्डाचं सांगितलं, कोमट पाण्याचं सांगितलं, पंचवटीतल्या दोरीचं सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एखाद्या परक्या बाईबद्दल ऐकावं तसं, आणि शेवटी म्हणाली, “चांगली असणार रे ती बाई.” मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. डॉक्टरांनी वयाचं नाव घेतलं, विसरण्याच्या आजाराचं नाव घेतलं, आणि ते खरंच असेल. पण तिच्या विसरण्याला जागा भरायला दुसरीचं आयुष्य मी आणून दिलं होतं.

सत्कारानंतर अकराव्या महिन्यात ताई गेली. शेवटच्या सकाळी माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, “दोर सोडू नकोस.” मी म्हटलं, “नाही सोडत.” दुसरं काय म्हणणार होतो?

शोकसभा त्याच सभागृहात झाली, संध्याकाळी पाच वाजता. पेपरात पुन्हा ओढा आला होता, त्यामुळे गर्दी होती. कार्यवाहांनी तेच मानपत्र वाचायला घेतलं. उठून “थांबा” म्हणावं, असं मी रात्रभर घोकलं होतं. पण बसूनच राहिलो. तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक म्हातारी दिसली. ऐंशीच्या पुढची, पांढरं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. वाचणारा “आषाढातल्या त्या दुपारी” म्हणाला आणि तिचे ओठ हलू लागले. पाठ केलेला धडा पोरं मनात म्हणतात तसे, वाचणाऱ्याच्या जरा पुढेच. ‘दोन जीव’ आले, तिथे ते ओठ मिटले.

सभा संपल्यावर ती माझ्यापाशी आली. पिशवीतून पेपरचं कात्रण काढलं. “तुम्हीच का ते मास्तर? माझं मानपत्र तुम्ही लिव्हलं होतं. घोटीला.”

जे बोलू नये तेच बोललो. “तुम्ही… आहात?”

“हाय की,” ती हसली. “ब्याऐंशी झाली. गुडघे तेवढे दुखत्यात.”

चोवीस वर्षं! माझं मानपत्र घेऊन ही बाई चोवीस वर्षं भात सडत, एस.टी.ने फिरत जगली होती, आणि मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी कळलं असतं. म्हणजे ताईने मागितलेलं एक वाक्य मी कशापायी दिलं नाही? कशापायीच नाही.

मी तिला घरी घेऊन आलो. तिचं मानपत्र ताईच्या नावावर कसं गेलं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. ती रागावली नाही. म्हणाली, “एक तुम्हांला सांगते. दोन जीव नाय वाचले. बाई वाचली. बाळ मेलेलंच आलं. पलीकडं त्या बाईच्या जावेनं कंदील धरला होता, तिनं बघितलं. पुढाऱ्यांनी तुम्हांला दोन सांगितलं, तुम्ही दोन लिव्हलं. लोकं टाळ्या वाजवत होती, मी काय बोलणार? त्याला गुंडाळायला फडकं पण नव्हतं, सगळं भिजलेलं. उघडंच दिलं मी बापाच्या हातात. इतकी वर्सं त्या मानपत्राकडं बघते आणि त्येच दिसतं.”

कंदिलाचं नाव मी तिच्यापुढे काढलं नव्हतं. बायकोने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

“आता तुमच्या ताईंचं सांगा,” ती म्हणाली. “खरं काय होतं त्यांचं?”

मी सांगितलं. मोठ्याने, पहिल्यापासून, ताईला जसं ऐकायचं होतं तसं. पांढरी धोतरं, कोमट पाणी, ‘उघडं कुणी जाऊ नये’. बायको दाराला टेकून ऐकत होती. म्हातारी पदराने डोळे पुसत नव्हती, पाणी गालांवरून तसंच वाहू देत होती.

“एखादं उरलंय का?”

यंत्राच्या खणात एक सापडलं, अर्धवट. बाह्या झाल्या होत्या, बंद लावायचे राहिले होते. तिने ते तळहातावर पसरून पाहिलं, शिवणीवरून अंगठा फिरवला.

“मी नेऊ? ओढ्याच्या पलीकडं जांभळाखाली ठिवलंय त्याला. जागा ठावूक हाय मला. बंद मी लावते.”

मी मान हलवली. घोटीच्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून तिला स्टँडवर सोडायला गेलो. पायरीवर चढताना ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, “मास्तर, ते बंद पुढं बांधायचे का मागं?”

मला ते माहीत नव्हतं. आयुष्यभर ती झबली दोरीवर पाहिली, पण ताईला हे कधी विचारलं नाही.