गणिताच्या बाईंना पाय लागला

बाळांनो, दोघांचेही व्हिडिओ पाहिले. मेलबर्नची आमची नात लांबट चेंडू हातातून सोडते आणि जमिनीला टेकायच्या आत पावलाच्या पाठीने उडवते. अमेरिकेतला नातू, दुसऱ्याने जमिनीवर उभा धरलेला तसलाच चेंडू तिरका धावत येऊन मारतो. दोघांच्याही खेळात चेंडूला हात लावलेला चालतो, याचा मला हेवा वाटला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही फणसवाडीत राहायचो आणि मी गिरगावातल्या मुलींच्या शाळेत जायची. आमच्या ड्रिलच्या बाईंनी फुटबॉल शिकवायला घेतला होता. जवळ द्यायचा तर पावलाच्या आतल्या कडेने, लांब मारायचा तर बुटाची नाडी बांधतो तिथून. कुणी अंगठ्याने मारला की त्या ओरडत, "चेंडू आहे गं, दगड नव्हे!" मी मागे, गोलाजवळ खेळायची. लांबची किक मला छान जमायची. दादरच्या एका शाळेशी सामना ठरला होता आणि त्या संघात मला काहीही करून जायचं होतं. संघ निवडण्यासाठी बाईंनी मुली विरुद्ध शिक्षिका असा सामना लावला.

बंदमुळे तो एकदा पुढे गेला. झाला तेव्हा अख्खी शाळा बघायला आली होती. मोर्चातली घोषणा उचलून मुली ओरडत होत्या, "गोल झालाच पाहिजे!"

गणिताच्या बाई पदर खोचून, चेंडू घेऊन थेट माझ्या अंगावर आल्या. मी पाय घातला. चेंडू दोघींच्या पायांत अडकला आणि माझा बूट त्यांच्या नडगीला लागला. आमच्या घरी कुणाला पाय लागला की आधी वाकून नमस्कार, मग बाकीचं. मी वाकले. त्यांच्या पावलाकडे गेलेला हात चेंडूवर पडला आणि तोच हात मी कपाळाला लावला.

शिट्टी वाजली. "हँडबॉल! पेनल्टी!"

"सुखी राहा हो," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी शांतपणे गोल मारला. सगळं मैदान हसत होतं. मला मान वर करवेना.

तरीही संघात माझं नाव आलं. "मागे खेळायला दुसरी आहे कोण?" ड्रिलच्या बाई म्हणाल्या. "पण हात पाठीमागे ठेवायचे, कळलं?"

दादरला पोचलो, तर गोष्ट आमच्या आधीच पोचली होती. समोरच्या मुली एकेक करून माझ्यासमोर वाकल्या. "आशीर्वाद द्या, काकू!" त्यांची कॅप्टन तर पुरती गुडघ्यावर बसली. माझे कान तापले. पहिलाच चेंडू मी अंगठ्याने मारला, तो भिंतीपलीकडे गेला.

मग तीच कॅप्टन चेंडू घेऊन आली. मी पाय घातला, चेंडू काढला आणि लांब मारला, अगदी नाडीवरून. पण माझा बूट तिच्या घोट्यावर बसला होता. ती खाली बसली. माझा हात निघालाच होता. मी तो दुसऱ्या हाताने पाठीमागे घट्ट धरला आणि तशीच उभी राहिले.

ती घोटा धरून वर बघत होती. आता हसत नव्हती.

सामना आम्ही जिंकलो. गणिताच्या बाईंची गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना हसत सांगितली. ही दुसरी तुमच्या आजोबांनाही सांगवली नाही.